मा. सहलप्रमुखांस, काळ्या टाकीविषयी

मा. सहलप्रमुख,


गार्नर स्टेट पार्कच्या सहलीसाठी आपण धाडलेली एक्सेल शीट पोचली. डोळे निवले. मिसळीच्या फरसाणापासून रात्रीच्या मुखवासापर्यंत प्रत्येक जिनसापुढे कुणाचं ना कुणाचं नाव आहे. खाण्यापुढे सगळी बायकांची नावं आणि ‘ड्रायव्हिंग’, ‘म्युझिक’, ‘एकूण देखरेख’ यांपुढे सगळी पुरुषांची, हे आपोआप कसं जमलं ते कळलं नाही. एक्सेलचा काही फॉर्म्युला असेल.

जागा मिळवलीत याबद्दल मात्र मनापासून अभिनंदन. टेक्सासच्या स्टेट पार्कांत मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी फ्रिओ नदीकाठची जागा म्हणजे गणपतीतलं कोकणकन्येचं तिकीट. ते आपण काढलंत. आता एका जागेवर आठच माणसं चालतात, आणि आपण आठांच्या वर किती आहोत ते इथे लिहीत नाही, कारण पत्र खुलं आहे. दुसरी जागा शोधा, एवढंच सुचवते.

काही किरकोळ शंका. आपल्या जागेला वीज आहे ती ३० अँपिअरची. १२० व्होल्टने गुणलं की ३,६०० वॉट होतात, आणि तेवढ्यात आपल्या आरव्हीचं, म्हणजे चाकांवरचं, सगळं घर बसवायचं आहे. छपरावरचा एसी त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा खातो, आणि जुलैत टेक्सासमध्ये तो बंद ठेवण्याची सूचना करायला माझी जीभ धजत नाही. शीटप्रमाणे शनिवारी सकाळी इन्स्टंट पॉटमध्ये वरण, मायक्रोवेव्हमध्ये साबुदाण्याची खिचडी आणि किटलीत चहाचं पाणी, असं सगळं एकाच मुहूर्तावर आहे. पहिल्या पाच मिनिटांत ब्रेकर पडेल. मग ‘निसर्गाच्या कुशीत’ हा आपला शीटवरचा मथळा खरा होईल.

अंताक्षरी रात्री अकराला सुरू होणार असं लिहिलं आहे. पार्कमध्ये शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. गाण्याची एवढीच हौस असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे ज्यूकबॉक्स लावून नाच चालतो, ही प्रथा १९४० च्या दशकापासूनची आहे. तिकडे जाऊ. आपले एक काका तिथे लेझीम खेळतील, त्याला माझी हरकत नाही. ‘थंड पेये’ या रकान्यात अवतरण चिन्हं का आहेत ते मी विचारत नाही. पार्कात उघड्यावर मद्यपान चालत नाही, हे मात्र सांगते.

आणखी एक, आणि यात थट्टा नाही. ‘पाण्याला अगदी लागूनची जागा बदलून मिळते का बघतो’ असं आपण म्हणालात. हा सगळा डोंगराळ मुलूख अचानक येणाऱ्या पुरांचा आहे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे जवळच्याच ग्वादलूपे नदीचं पाणी अंधारात चढलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. जागा आहे ती राहू द्या. रात्री फोनवरचे हवामानाचे इशारे चालू ठेवा. रेंजरने हला म्हटलं तर भांडी आवरत बसायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या मोठ्या शीटमध्ये एका कामाचा रकाना नाही. आपल्या आरव्हीत तीन टाक्या आहेत. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि एक काळी. काळीत काय जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर कोण काढणार ते कुणी बोलत नाही. आपल्या जागेला वीज-पाणी आहे, सांडपाण्याची जोडणी नाही. म्हणजे निघताना गाडी डंप स्टेशनवर न्यायची, हातमोजे घालायचे, जाड पाईप जोडायचा, आधी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि ती रिकामी झाली की मोरीच्या टाकीचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. उलट्या क्रमाने केलं तर काय होतं याची कल्पना आपल्यासारख्या इंजिनियरला यावी. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका. आत कागद चिकटला की ते रिकामी टाकीही भरलेली दाखवतात.

टाकीचं मी ग्रुपवर विचारलं तेव्हा आपण अंगठा दाखवलात, आणि मग लिहिलंत, ‘काँट्रिब्यूशन काढू, कुणाकडून तरी करून घेऊ.’ हा ‘कुणीतरी’ गेली कित्येक शतकं आपल्या वाड्यांच्या मागच्या दाराने येत होता. त्याला व्हिसा मिळाला नाही, म्हणून आपली मोठीच पंचाईत झाली आहे. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गाडगेबाबांच्या फोटोला हार कोणी घालायचा यावर मात्र आपल्याकडे चढाओढ असते.

कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून अन्न सोडलं होतं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही. आपल्याकडून उपोषणाची अपेक्षा नाही. आपल्या शीटमध्ये उपवासालाही चार पदार्थ आहेत.

हे काम हलकं वाटत असेल तर ज्याच्या नावाचा हा पार्क आहे त्याची आठवण करून देते. जॉन नान्स गार्नर हे रूझवेल्ट यांचे उपाध्यक्ष, १९३३ ते १९४१. उपाध्यक्षपदाची किंमत बादलीभर कोमट थुंकीएवढीही नाही, असं ते म्हणाल्याचं सांगतात. जाणकारांच्या मते मूळ शब्द थुंकी नव्हता, वर्तमानपत्रांनी तो सभ्य केला. मूळ द्रव आपल्या काळ्या टाकीत असतो. तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाने ज्याचं माप पदाला लावलं, ते ओतायला सहलप्रमुखाने लाजू नये.

माझी सूचना अशी. जो ड्रायव्हिंग करील त्याने टाकीही रिकामी करावी. स्टिअरिंग आणि पाईप एकाच हातात राहावेत. भज्यांचं तेल मोरीत ओतणार नाही आणि भांडी आधी कागदाने पुसून घेईन, एवढं मी माझ्या विभागातर्फे लिहून देते. मोरीची टाकी काळीच्याही आधी भरते. जागा दुपारी बारापर्यंत सोडायची आहे, आणि रविवारी डंप स्टेशनवर रांग असते, म्हणून साडेदहालाच निघू. त्या वेळी आपण ‘ग्रुप फोटो काढतो’ म्हणून नदीकडे गेलात तर किल्ली माझ्याकडे असेल, आणि गाडी आपल्याला घेतल्याशिवाय हलणार नाही.

हातमोजे लार्ज आणू की एक्स्ट्रा लार्ज, ते गुरुवारपर्यंत कळवावे.

आपली नम्र,
न विचारता स्वयंपाक विभागात नेमलेली एक सभासद