शूटिंगकाका, मुक्काम न्यू जर्सी

मुलाकडे सहा महिने अमेरिकेला गेलेले वडील ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. एक कोथिंबिरीच्या जुडीचे डॉलर रुपयांत मोजून हाय खातात. दुसरे नातवाकडून रामरक्षा पाठ करून घेतात. हे दोन्ही कुठेही भेटतात. तिसरा प्रकार मात्र खास न्यूयॉर्कच्या पंचक्रोशीतला. हे शूटिंगकाका.

मुलगा शनिवारी त्यांना मॅनहॅटनला नेतो तो उंच इमारती दाखवायला. काकांची मान वर होतच नाही, कारण त्यांची नजर दिव्याच्या खांबांवर खिळलेली असते. या शहरात रस्त्यावर चित्रीकरण असलं की आधी खांबाखांबावर कागद लागतात : अमुक दिवशी इथे गाड्या लावू नका, लावल्यात तर उचलून नेऊ. गाडीवाला न्यूयॉर्ककर तो वाचून चार शिव्या हासडतो. काका चष्मा पुसतात, तारीख दोनदा वाचतात आणि विचारतात, "अरे, मंगळवारी सकाळी सहाला आहे. तुला रजा नाही का रे टाकता येणार?"

कागद नसला तरी त्यांचं अडत नाही. फुटपाथलगत पांढऱ्या ट्रेलर्सची रांग, जाड केबलींवर टाकलेले रबरी पट्टे आणि आभाळ कोरडं ठणठणीत असताना ओलाचिंब रस्ता, एवढ्या खुणा पुरतात. "पाऊस नाही हो तो," काका काकूंना सांगतात, "रात्रीचे दिवे चमकावेत म्हणून मुद्दाम पाणी मारलंय."

हे ज्ञान आलं कुठून? काका वाईचे. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं तेव्हा ते बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून पारावर बसले होते. ज्याच्या डोळ्यांसमोर वाईचा 'गंगाजल'साठी बिहार झाला आणि 'दबंग'साठी उत्तर प्रदेश, त्याला हॉलिवूड काय नवं शिकवणार? पडद्यावरचं पुष्कळसं न्यूयॉर्क प्रत्यक्षात कॅनडातल्या टोरांटोत चित्रित होतं, हे सुनेने सांगितलं तेव्हा काका गालात हसले. "म्हणजे टोरांटो यांची वाई!"

त्यामुळे स्थलदर्शनही त्यांच्या पद्धतीने होतं. प्लाझा हॉटेल म्हणजे 'होम अलोन'चा दुसरा भाग, 1992. ट्रायबेकातलं अग्निशमन केंद्र म्हणजे 'घोस्टबस्टर्स', 1984. ब्रॉन्क्समधल्या 'जोकर'च्या पायऱ्या गुडघ्यांमुळे खालूनच. ग्रीनिच व्हिलेजमध्ये 'फ्रेंड्स'च्या इमारतीसमोर पोरंपोरी भारावून फोटो काढत असतात. तिथे काका ओळखदेख नसताना पुढे होतात : "ओन्ली आउटसाइड! इनसाइड ऑल कॅलिफोर्निया!" माहिती खरी आहे. मालिकेचं काम बरबँकच्या स्टुडिओत चाले. पण पोरांचे चेहरे पडतात आणि सून दुसऱ्याच इमारतीकडे बघू लागते.

काकूंना या सगळ्यात एकाच चित्रपटाबद्दल ममत्व आहे, 'इंग्लिश विंग्लिश'. मॅनहॅटनमध्ये कॉफी मागताना तारांबळ उडालेली पुण्याची शशी गोडबोले त्यांना घरचीच वाटते.

प्रत्यक्ष चित्रीकरण सापडलं की काकांचा खरा कस लागतो. वॉकीटॉकीवाला एक तरुण हात आडवा करून सगळ्यांना अदबीने थांबवतो. न्यूयॉर्ककर घड्याळ बघतात, करवादतात आणि पलीकडच्या फुटपाथने निघून जातात. त्यांना याचं अप्रूप नाही. 1966 साली महापौर जॉन लिंडसे यांनी चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी खास कार्यालय उघडलं, तेव्हापासून शहराला या अडवणुकीची सवय आहे. नट शेजारून गेला तरी ते मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. मागे उरतात एकटे काका.

"एक्सक्यूज मी, हीरो हू?"

तरुण हसून मान हलवतो. सांगायची परवानगी नाही.

"बघ, याला म्हणतात शिस्त," काका मुलाला म्हणतात. "आपल्याकडे चहावाल्यानेसुद्धा कथा सांगितली असती."

मग दोन तास काहीही होत नाही. दिवा डावीकडून उजवीकडे जातो आणि परत डावीकडे येतो. एक माणूस दारातून निघतो, पिवळ्या टॅक्सीत बसतो, टॅक्सी वीस पावलं जाते आणि मागे येते. तो पुन्हा निघतो. चौथ्या खेपेला मुलगा जांभई देतो. काका मात्र काकूंनी पिशवीतून काढलेली चकली मोडत बारकाईने बघत असतात. "मघाशी दार जोरात लावलं होतं त्याने. आता बरोबर."

त्यांचे काही सिद्धान्तही आहेत. 1954 साली लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर मेरिलिन मन्रोच्या उडत्या झग्याचं दृश्य रात्री घेतलं, तर बघ्यांनी एवढा गलका केला की ते पुढे स्टुडिओत पुन्हा घ्यावं लागलं. त्यावर काकांचा निर्वाळा : "गर्दीला गप्प बसवणं अमेरिकेलाही जमत नाही."

रात्री वाईला फोन. "हो, हॉलिवूडचं शूटिंग! अगदी दहा फुटांवरून! हीरो? ते गुपित आहे." पलीकडचा माणूस खट्टू होतो. काका होत नाहीत, कारण त्यांना हीरोत कधी रस नव्हताच. दुसऱ्याचं काम निवांत उभं राहून बघणं आणि त्यातल्या चुका काढणं, हा निवृत्त माणसाचा जन्मसिद्ध आनंद आहे आणि चित्रीकरणाइतकं ऐसपैस काम दुसरं कुठलं नाही.

तेव्हा असे काका आपल्या घरी मुक्कामाला असतील तर गगनचुंबी गच्च्यांच्या तिकिटांवर डॉलर उधळू नका. कामाच्या दिवशी सकाळी त्यांना कागद लागलेल्या खांबापाशी सोडा, सोबत पाण्याची बाटली, टोपी आणि चकल्या द्या. फुटपाथवरून बघायला पैसे पडत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत काका जागचे हलत नाहीत.