कोंबडीने कधी मरावे: एक खुले पत्र

प्रति,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सर्व गावरान, लेअर व बॉयलर कोंबड्या.

विषय: नुकसानभरपाईस पात्र ठरेल अशा रीतीने मरण्याबाबत.

बर्ड फ्लूच्या नुकसानभरपाईला पात्र ठरण्याची पहिली अट अशी, की सरकारी पथक दारात येईल तेव्हा पक्षी जिवंत असला पाहिजे. पथकाने मारलेल्या कोंबडीचे पैसे मिळतात. रोगाने मेलेल्या कोंबडीचे मिळत नाहीत. भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात, तेव्हा मेलेल्या कोंबडीला नकार देण्याचे श्रेयही दोघांना सारखेच जाते. ही अट कोंबड्यांना आजवर कोणी नीट समजावून सांगितलेली दिसत नाही, कारण त्या अजूनही पथकाआधीच मरतात.

अडचण मुळात विषाणूची आहे. एच5एन1 कळपात शिरला, की 48 तासांत 90 ते 100 टक्के कोंबड्या मरू शकतात. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळसर पडते, डोके सुजते, पायांवर लाल चट्टे उठतात. पुष्कळदा एवढेही होत नाही, रात्री खुराड्यात कोंडलेली कोंबडी सकाळी थेट आडवी सापडते. गावात याला ‘मर लागली’ म्हणतात आणि बहुतेक वेळा मानमोडी समजून सोडून देतात. मानमोडी म्हणजे राणीखेत. दोन्ही रोगांत माना वाकड्या होतात, दोन्हींत कळप झोपतो. फरक प्रयोगशाळेतच कळतो.

प्रयोगशाळेपर्यंत जाण्याआधी वर्दी द्यावी लागते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 नुसार अशा रोगाची शंका आली, की मालकाने गावपातळीवर कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत दंड. अंडी देणाऱ्या 11 कोंबड्यांची 2021 च्या दराने सरकारी किंमत 990 रुपये होते, त्यामुळे कायदा मोडणे आणि पाळणे यांत फार तर दहा रुपयांचा फरक राहतो. हा हिशेब खेड्यातल्या माणसाला अधिकाऱ्यांच्या आधी जमतो.

पुढचा टप्पा नमुन्यांचा. घशातील व गुदद्वारातील स्राव आणि मेलेला पक्षी बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो, आणि तिथून भोपाळला राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. भोपाळ नांदेडच्या उत्तरेला आहे आणि पुणे पश्चिमेला. नमुन्याला आधी पश्चिमेचे दर्शन घडते. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात 50 च्या आसपास कावळे मरून पडले. शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी कावळ्यांना भोपाळची वाट चुकली नाही. अहवाल बर्ड फ्लूचा आला आणि 10 किलोमीटरचे सतर्कता क्षेत्र जाहीर झाले. (त्याची हद्द कोणत्याही कावळ्याला कळवण्यात आली नव्हती.) त्याच महिन्यात लोहा तालुक्यातील किवळ्यात सुमारे 20 पिल्ले मेली आणि तोच प्रवास, तोच अहवाल, तेच 10 किलोमीटर. भोपाळची संस्था काम संथ करते असे म्हणता येत नाही. अहवाल काही दिवसांत येतो. कोंबडीजवळ मात्र काही तास असतात.

अहवाल बाधित आला, की रोगाच्या केंद्रापासून एक किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि त्यापुढे 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरते. बाधित क्षेत्रातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात. पांढरे संरक्षक पोशाख घातलेले कर्मचारी माना पिरगाळतात, खड्डा खणला जातो, चुना पडतो. यातल्या बहुतेक कोंबड्या धडधाकट असतात. दाणे टिपत असतात, एखादी रवणीवर बसलेली असते. त्यांचा गुन्हा एवढाच, की शेजारच्या गल्लीतली एक आजारी पडली. साथ आवरण्यासाठी हे करावे लागते, याविषयी पशुवैद्यकांत फारसा मतभेद नाही. तरीही या पत्राच्या उपरोधातून रवणीवरच्या कोंबडीला वगळणे भाग आहे. तिने नियम अक्षरशः पाळला: पथक येईपर्यंत जिवंत राहिली. तिला मारणारा माणूसही त्याच तालुक्यातला असतो, त्याच्या घरीही खुराडे असते, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्याकडे गाव तिरक्या नजरेने पाहते.

आता दर. 2021 च्या साथीत राज्यात लागू असलेला तक्ता असा होता: आठ आठवड्यांवरील अंडी देणारा पक्षी 90 रुपये, त्याहून लहान 20 रुपये; सहा आठवड्यांवरील मांसल पक्षी 70 रुपये, त्याहून लहान 20 रुपये; अंडे 3 रुपये; खाद्य 12 रुपये किलो. तक्ता साधा दिसतो. पण बॉयलर पक्षी 35 ते 42 दिवसांत विकला जातो, म्हणजे सहा आठवडे पूर्ण होण्याआधी किंवा होता होता. पाच आठवड्यांचा, दोन किलोच्या घरात गेलेला, दुसऱ्या दिवशी गाडीत चढणार असलेला पक्षी या तक्त्यात ‘पिल्लू’ होता आणि त्याचे 20 रुपये मिळत. 70 रुपये ज्याला मिळत तो पक्षी एव्हाना शेडमध्ये असायलाच नको होता. करार पद्धतीत तर पक्षी आणि खाद्य कंपनीचे, शेड, वीज आणि रात्रीची राखण शेतकऱ्याची. रिकाम्या शेडसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. गावरान कोंबडीला वेगळा दर नव्हता. बाजारात तिला कितीतरी पट किंमत येते, आणि ज्या घरात तिची अंडी विकून वह्या-पुस्तके येतात तिथे तिचा हिशेब 90 रुपयांत बसवावा लागे.

हे सारे 90 आणि 20 रुपये जिवंतांचे. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी बचत गटाच्या कुक्कुटपालन केंद्रात सुमारे 800 कोंबड्या मेल्या, तेव्हा राज्यात साथीची बातमी फुटली. तक्त्यातला 90 रुपयांचा दर धरला, तर 800 चे 72,000 रुपये होतात. नियमाने त्यांचे होतात शून्य. ज्यांच्या मरणामुळे सरकारला रोग कळला, ज्यांच्या कलेवरांवरून नमुने घेतले गेले, त्यांची किंमत शून्य! रोगाचा फटका ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात बसला, त्यालाच भरपाईतून बाहेर ठेवणारा हा नियम निलाजरा आहे. त्याला सौम्य शब्द नाही. समर्थन असे दिले जाते, की मेलेल्यांचे पैसे दिले तर लोक कळवायला उशीर करतील. दहा हजार पक्ष्यांच्या फार्मला हे लागू पडत असेल. तिथे पहिल्या दिवशी पन्नास मरतात आणि बाकीचे उरतात. परसात आठ कोंबड्या असलेल्या बाईने लवकर म्हणजे किती लवकर कळवायचे? रात्री आठ होत्या, सकाळी एकही नाही.

मर टाळायला लस द्यावी म्हटले, तर मानमोडीची लासोटा लस मिळते, पण तिची कुपी शंभर मात्रांपासून पुढे असते आणि द्रावण केले की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी बाकीच्या मात्रा फेकायच्या किंवा गाव गोळा करायचे. तालुक्याच्या दवाखान्यातले शुल्क नाममात्र असते, तिथवर जाण्याचे भाडे तसे नसते. एच5एन1 वरची लस भारतात कोंबड्यांना दिली जात नाही. फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून बदकांना अशी लस देणे सुरू केले आहे. निर्यातीवर त्याचे परिणाम झाले, ते सोसून त्यांनी लसीकरण चालू ठेवले. नांदेडचे बदक कोणी निर्यात करत नाही.

खड्डा बुजला, जंतुनाशक फवारले, निर्जंतुकीकरणाचा दाखला झाला, की तीन महिन्यांची निगराणी सुरू होते. दर पंधरवड्याला परिसरातील नमुने पुन्हा त्याच मार्गाने जातात. ते निर्दोष येत राहिले, तर त्यानंतर नवे पक्षी आणायला परवानगी मिळते. गावरान पिल्लू अंड्यावर यायला पाच-सहा महिने घेते. म्हणजे जानेवारीत रिकामे झालेले खुराडे पहिले अंडे साधारण दिवाळीच्या आसपास देते. 2021 च्या तक्त्यात अंड्याचा सरकारी दर 3 रुपये होता, आणि तोही फक्त पथकाने फोडलेल्या अंड्याला.