दाखल्यावरची वाइन

वाइन चाखणाऱ्यांच्या जगात घोट गिळणं हे नवखेपणाचं लक्षण मानतात. खरा जाणकार पेला तिरका धरून रंग बघतो, पेला गरगर फिरवतो, त्यात नाक खुपसतो, घोट तोंडात घोळवतो आणि मग काउंटरवरच्या पिकदाणीत नेम धरून थुंकतो. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात हे करायला जगभरातून माणसं येतात आणि वर त्याचे पैसे मोजतात. दाजींना एवढी गोष्ट समजावून सांगायला भाचीला ॲडलेडपासूनचा तासाभराचा रस्ता पुरला नाही.

"बाटली घेतली तर चाखायचे पैसे वळते करतात, पप्पा."

"आणि नाही घेतली तर?"

"तर नाही."

"म्हणजे पैसे माझे, थुंकायचंही मीच."

दाजी निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकून, बाग धाकट्या भावाच्या हवाली करून ते आणि ताई लेकीकडे आले होते आणि मी पुण्याहून त्यांच्या शेपटाला धरून. ताई माळकरी. भाचीच्या हातात गाडी, आणि तिकडे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडलं की पोलीस नातंगोतं विचारत नाहीत. म्हणजे वाइनच्या यात्रेला निघालेल्या चौघांपैकी एकीला धर्म आडवा, दुसरीला कायदा आणि तिसऱ्याला काटकसर. उरलो मी. मला कुणाचीच आडकाठी नव्हती, हेच ताईला खटकत होतं.

जून म्हणजे तिकडचा हिवाळा. खोऱ्यात शिरलो तर दोन्ही बाजूंना काळे, पिळवटलेले, पानं झडलेले बुंधे.

"बाग वाळली की गं यांची," दाजी हळहळले.

वाळली नव्हती, झोपली होती. आपल्याकडे उन्हामुळे द्राक्षाला झोप लागत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायचं, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, आणि माल मात्र एकदाच घ्यायचा. इथं पानं गळाली की वेल वसंतापर्यंत स्वस्थ, आणि छाटणी एकदाच. दाजींना ही चैन वाटली. त्यांनी गाडी थांबवायला लावली. तारेपलीकडे एक माणूस कात्री घेऊन काड्या छाटत होता. दाजींनी दोन बोटं वर केली. त्यानंही दोन बोटं दाखवली. दोन डोळे राखून छाटतोय, एवढा संवाद झाला. दोघंही खूश. मग दाजींनी तारेखालून पाय घातला, आणि आतापर्यंत गोड हसणारा तो माणूस तीरासारखा धावत आला.

तारेवर पाटी होतीच: बागेत पाऊल टाकू नये. कारण फिलॉक्सेरा. मुळांचा रस शोषणारी ही इवलीशी पिवळी कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि १८६० नंतर तिनं फ्रान्सच्या बागाच्या बागा बसवल्या. १८७७ साली ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात सापडली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं धसका घेऊन १८९९ मध्ये कायदाच केला आणि आजतागायत तिला हद्दीत येऊ दिलेलं नाही. ती मातीतून येते आणि माती बुटातून. विमानतळावर एका हसतमुख अधिकाऱ्यानं दाजींचे बूट उलटे करून, तळवे घासून, पुसून परत दिले होते. त्याचं रहस्य आता उलगडलं. "मला वाटलं पाहुणचार आहे," दाजी म्हणाले.

ही कीड आली नाही म्हणून इथल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपात बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्ष जगत नाही. दाजींची बागही डॉगरिजच्या खुंटावर आहे, फक्त तिथं कारण क्षाराचं आणि पाणीटंचाईचं. कीड न आल्यामुळेच मूळच्या फ्रान्सच्या असलेल्या शिराझच्या जगातल्या सगळ्यात जुन्या वेलींपैकी काही आज बरोसात भेटतात. टनुंडाजवळ लँगमाइल वायनरीकडे १८४३ ची लागण आहे आणि ती अजून माल देते. जुन्या वेलींच्या बरोसाकरांनी रीतसर इयत्ता पाडल्यात: पस्तीस वर्षांपुढची 'ओल्ड', सत्तरीपुढची 'सर्व्हायव्हर', शंभरीपुढची 'सेंटेनेरियन' आणि सव्वाशेच्या पुढची 'ॲन्सेस्टर'.

"आमच्याकडे बारा-पंधरा वर्षांत बाग काढतात," दाजी म्हणाले. "ही पणजोबांची झाडं एकरी देतात किती?"

आम्ही एव्हाना एका वायनरीच्या 'सेलर डोअर'मध्ये पोहोचलो होतो. काउंटरमागची बाई अभिमानानं म्हणाली, "टन, फार तर दीड टन."

भाचीनं भाषांतर केल्यावर दाजींनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग अत्यंत सहानुभूतीनं त्या बाईंना म्हणाले, "आमच्यात दहाच्या खाली आलं की बँकेचा माणूस ओसरीवर येऊन बसतो." बाईंनी समजावलं की माल कमी, मणी बारीक, साल जाड, म्हणून तर रंग आणि वास गच्च. दाजी आयुष्यभर मणी अठरा मिलीमीटरचा व्हावा, साल पातळ राहावी, कंटेनर युरोपात नाकारला जाऊ नये, यासाठी रात्री जागलेले. बारीक मण्याचं कौतुक ऐकताना त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या नापास मुलाचा सत्कार पाहिल्यासारखा झाला.

सेलर डोअर हा प्रकार एकदा सांगतो. कारखान्याच्या दारातच मालाचं दुकान. आपल्याकडे नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुलानं हा रिवाज रुळवला आहे. तिथं गर्दी जास्त फोटो काढणाऱ्यांची असते. बरोसात मात्र तो गंभीर संस्कार आहे. दगडी खोली, शेकोटी, ओळीनं पेले, आणि प्रत्येक पेल्याबरोबर एक निवेदन. आमच्या बाईंनी पहिल्या पेल्यात पिकलेला प्लम, चामडं आणि तंबाखू असल्याचं जाहीर केलं.

"चामडं?" ताईनं पदर नाकाला लावला.

दुसरी शिराझ ईडन व्हॅलीची, म्हणजे खोऱ्याच्या पूर्वेच्या उंच, थंड भागातली. बाई वर्णन सुरू करणार एवढ्यात ताईनं माझ्या हातातला पेला घेतला. आम्ही चमकलो. "वास घ्यायला माळेची ना नाही," ती म्हणाली. तिनं पेला नाकाशी धरला आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडावं तशी बोलली, "मिरी. काळी मिरी. ताजी, आत्ता भरडलेली."

बाईंनी दोन्ही हात जोडायचेच बाकी ठेवले. त्या शिराझमध्ये मिरी होतीच. आणि हे निव्वळ कवित्व नाही: ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटनं २००८ साली शोधून काढलं की शिराझमधला तो वास ज्या रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो, तेच द्रव्य काळ्या मिरीत असतं. शिवाय साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास मुळीच येत नाही. मी तीनदा हुंगलं. मला ओल्या खोलीपलीकडे काही सापडलं नाही. तिथून पुढे प्रत्येक दारात पेला आधी ताईकडे जाऊ लागला. ती हुंगायची, निकाल द्यायची (बडीशेप, जळका गूळ, एका ठिकाणी "पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट"), आणि काउंटरमागची माणसं तो लिहून घेतल्यासारखी मान डोलवायची. आम्ही विद्यार्थी आणि ती, एक थेंबही न घेता, परीक्षक. दाजी प्रत्येक घोट गिळत होते. पिकदाणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पैसे दिलेला माल टाकायचा नाही, हा त्यांच्या शेतीचाच नियम.

दुपारी बेथनीच्या छोट्या चर्चपाशी डबा सोडला. ताईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. इथं मिळणाऱ्या जर्मन सॉसेजांच्या, मेटवुर्स्टच्या, वासावर तिनं मत दिलं नाही. या खोऱ्यात जर्मन कुठून आले, तर प्रशियाच्या राजानं सगळ्यांनी आपण ठरवून दिलेल्या पोथीप्रमाणेच प्रार्थना करायची असा हट्ट धरला. सायलेशियाकडच्या जुन्या वळणाच्या लुथरन लोकांनी पोथी नाकारली आणि गाव सोडलं. त्यांच्यातल्या काहींनी १८४२ साली हे बेथनी वसवलं. ताईला गोष्ट फार आवडली. एका मुद्द्यावर मात्र ती अडली: "देवासाठी घरदार सोडून इतक्या लांब आले, आणि येऊन लावली काय, तर दारूची भट्टी?"

दाजींना आवडली ती गोष्ट मात्र देवाची नव्हती. पीटर लेहमनची होती. हा बरोसाचाच माणूस, सॉल्ट्रम या वायनरीत वाइन बनवायचा. खोऱ्यातल्या बागायतदारांची द्राक्षं घेण्याचा शब्द यानं दिलेला, तोंडी. १९७८ च्या सुमाराला वाइनचा महापूर आला आणि मालकांनी सांगितलं, यंदा माल घेऊ नकोस. लेहमन म्हणाला, शब्द दिलाय. पैसे उभे करून त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि द्राक्षं घेतली. कंपनीला नाव दिलं एका नाटकातल्या जुगाऱ्याचं, आणि पुढे बाटलीवर चिन्ह आलं ते पत्त्यातल्या किलवरच्या राणीचं. हंगामात तो वजनकाट्यावर बसायचा आणि माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आधी खाऊपिऊ घालायचा.

"काट्यावर?" दाजींनी पेला खाली ठेवला. "काट्यावर खायला घालायचा? आमच्या काट्यावर आधी घट धरतात. मग व्यापारी चेक देतो. मग व्यापारीच सापडत नाही."

त्यांचंही एक जुनं दुखणं आहे. नाशकात वाइनचं वारं होतं तेव्हा दाजींनी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. करार झाला, फोटो झाले. तिसऱ्या हंगामात कंपनीनं माल उचललाच नाही. ती द्राक्षं खायची नाहीत, त्यामुळे मंडईतही उभं करीनात. दाजींनी बाग काढून टाकली. बरोसात हेच १९८७ मध्ये घडलं: द्राक्षं जास्त झाली म्हणून सरकारनं वेली उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले, आणि कित्येक जुन्या शिराझच्या वेली त्यात गेल्या. आज त्यांच्या नावानं इथं सगळे उसासे टाकतात.

दाजींना उसासा दुसऱ्याच कारणानं आला. "सरकारनं काढायचे पैसे दिले? मी जेसीबीचं भाडं खिशातून भरलं."

लेहमनच्या नावाची बाटली त्यांनी भाव न करता घेतली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ताईनं हे प्रथमच पाहिलं.

शेवटचा मुक्काम सेपल्ट्सफील्ड. तिथं पोहोचायच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खजुराची उंच झाडं, दोन हजारांच्या वर. १९३० च्या मंदीत वायनरीत काम नव्हतं, तर सेपल्ट कुटुंबानं माणसं काढण्याऐवजी त्यांना ही झाडं लावायला लावली. त्याच घराण्यातल्या बेनो सेपल्टनं १८७८ साली उत्तम पोर्टचं एक पिंप भरून ठेवलं आणि फर्मान काढलं की शंभर वर्षं याला कुणी हात लावायचा नाही. पोरांनी, नातवंडांनी आज्ञा पाळली, एवढंच नाही तर पुढे दरवर्षी एकेक पिंप ठेवत गेले. १९७८ मध्ये पहिलं उघडलं. तेव्हापासून दरवर्षी एक शंभर वर्षांची पिंपातली वाइन बाहेर येते, आणि १८७८ पासून एकही साल गळालेलं नाही. त्या तळघरात तुम्हाला तुमच्या जन्मवर्षाच्या पिंपातला घोट देतात. भाचीनं वडिलांसाठी हेच ठरवून ठेवलं होतं.

ओळीनं पिंपं, प्रत्येकावर साल. गाइड तरुण मुलगी होती. तिनं हसून विचारलं, "तुमचं जन्मवर्ष?"

"दाखल्यावरचं की खरं?" दाजी म्हणाले.

भाचीला भाषांतर जमेना. मास्तर शाळेत नाव घालताना पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे, कान सापडला तर सहा वर्षांचा समजायचे, आणि जन्मतारीख १ जून टाकायचे. महाराष्ट्रातली निम्मी खेडी एकाच दिवशी जन्माला आलेली आहेत, हे त्या मुलीला कसं सांगणार? दाखल्यावर १ जून १९५७.

"खरं म्हणजे एकोणसाठ," ताई म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, महाराष्ट्र झाला तेव्हा हे रांगत होते."

"रांगत नव्हतो, चालत होतो. थोरल्या काकांनी सांगितलंय. अठ्ठावन्न."

गाइड तीन पिंपांच्या मधोमध उभी. एकाच्या पैशात तिन्ही चाखवता येतील का, अशी दाजींची चौकशी होती, आणि ती भाचीनं पोहोचवली नाही. शेवटी पासपोर्ट काढला. पासपोर्टवर सत्तावन्न. सरकारी कागदापुढे आईकाकांचं काही चाललं नाही. मुलीनं काचेची लांब नळी पिंपात बुडवून चार थेंब काढले. काळीभोर, घट्ट, काकवीसारखी. दाजींनी घोट घेतला. या वेळी पिकदाणीचा प्रश्न कुणी काढलाच नाही.

"बेदाणा," ते म्हणाले. "चांगल्या वाळवणीचा. धूर न लागलेला." मग पिंपाकडे बघत पुढे, "एक वर्ष मास्तरनं जास्तीचं दिलं, त्याचा आज उपयोग झाला. जुनी आहे तेवढी चांगली."

ताईचं समाधान झालं नव्हतं. तिनं एकोणसाठच्या पिंपाकडे बोट केलं. गाइडनं कौतुकानं बूच काढलं. ताई वाकली, डोळे मिटून हुंगलं, पुन्हा सत्तावन्नकडे आली, तिथं हुंगलं, आणि परत एकोणसाठकडे.

"तुमचं साल हेच," ती दाजींना म्हणाली. "यात आंबटपणा जास्त आहे."

गाइडनं उत्सुकतेनं विचारलं, आई काय म्हणाल्या?

"दोन्ही आवडल्या म्हणतेय," भाची म्हणाली.