अर्थाला गुण नाहीत

डोंबिवलीतले एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर चहा निवत ठेवून मोबाईलवरच्या वर्डल या खेळाशी भांडत होते. समोर सोफ्यावर मांडी घालून बसलेली त्यांची भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि कॉलेजच्या स्क्रॅबल संघात. मामी स्वयंपाकघरात, पण कान बाहेर.

"शुद्ध लबाडी आहे ही," मास्तर म्हणाले. "पाच अक्षरी शब्द ओळखायचा. पहिल्याच डावात 'लाइट' टाकला आणि शेवटची चारही अक्षरं हिरवीगार. आय, जी, एच, टी, सगळी जागच्या जागी. तरी हरलो!"

"मग पुढे काय टाकलंस, मामा?"

"फाइट. मग माइट. मग नाइट, राइट, साइट. सहा डाव संपले, आणि उत्तर निघालं टाइट."

"लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच टाइट झाले," आतून मामी.

भाचीने हसू आवरलं. "मामा, पहिल्या डावानंतर तुझ्यापुढे सात शब्द उरले होते. तू टाकलेस ते पाच, उत्तराचा टाइट आणि वर आठ आकड्याचा 'एट'. डाव मात्र पाचच. तू एकेकाची मुलाखत घेत बसलास. 'फर्न्स' टाकायचा ना!"

"फर्न्स? त्यात आय नाही, जी नाही. उत्तर असूच शकत नाही ते."

"नसू दे. एफ, ई, आर, एन, एस, पाच जणांची हजेरी एका फटक्यात होते. एफ हिरवा झाला की फाइट, ई पिवळा, म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, झाला की एट. आर, एन, एसचं तसंच. एकही अक्षर रंगलं नाही तर उरतात माइट आणि टाइट. चौथ्या डावात खेळ खलास. हार्ड मोड, म्हणजे सापडलेली अक्षरं पुन्हा वापरायची सक्ती, तेवढा बंद हवा."

"चूक आहे हे ठाऊक असून लिहायचं? असल्या पोरांना मी बाकावर उभं करायचो."

मास्तरांची ही तक्रार वर्डलच्या बहुतेक नवशिक्यांची असते. त्यांना वाटतं, शब्दांचा खेळ म्हणजे शब्दसंग्रहाची परीक्षा. हा खेळ बनवणारे जॉश वॉर्डल हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे इंजिनिअर. कोड्याची आवड असलेल्या आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी त्यांनी तो रचला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000. त्यातून शाह यांनी आपल्या ओळखीचे अडीचेक हजार निवडले, आणि उत्तरं त्यातूनच येऊ लागली. 1 नोव्हेंबर 2021 ला खेळणारे होते 90 जण. दोन महिन्यांत ते तीन लाखांवर गेले आणि जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकतच घेतला.

"म्हणजे एका बाईला ठाऊक होते तेवढेच शब्द बरोबर?" मास्तरांनी विचारलं.

"ह्यात नवीन ते काय?" मामी.

"आणि त्या बाई अमेरिकेत राहणाऱ्या," भाची म्हणाली. "2022 च्या जानेवारीत एक दिवस उत्तर आलं 'फेव्हर', अमेरिकन पद्धतीने, यू गाळून. ब्रिटनमधली माणसं खवळली."

"खवळणारच! त्या यू पायी मी तीस वर्षं गुण कापले आहेत."

"त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर होतं 'होमर'."

"तो तर ग्रीक कवी! विशेषनाम कसं चालेल?"

"कवी नाही रे. बेसबॉलमधला होम रन. अमेरिकेबाहेरच्या लोकांनी अर्थ बघायला इतकी झुंबड केली, की केंब्रिज डिक्शनरीने होमरलाच त्या वर्षीचा शब्द ठरवलं."

मास्तरांना हे आवडलं. निदान डिक्शनरी उघडली तरी, असं ते पुटपुटले. पण भाचीने लगेच स्क्रॅबलचा डबा उघडला, आणि त्यांचं समाधान फार टिकलं नाही.

"इथे अर्थ कळलाच पाहिजे असं नाही," ती अक्षरांच्या सोंगट्या पिशवीत ओतत म्हणाली. "न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. फ्रेंच बोलता येत नव्हतं."

"अगं, काहीतरीच."

"शब्दांची यादी पाठ केली, बस. 2024 मध्ये स्पॅनिशचीही जगज्जेतेपदाची स्पर्धा जिंकला. तेही बोलता येत नाही."

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. वर्गातल्या पाठांतरवीरांवर त्यांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं. त्यातला एखादा बहुधा डोळ्यांपुढे आला असावा.

पाठांतराची रीतही ऐकण्यासारखी असते. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं हातात आली, की सराईत खेळाडूला क्षणात दिसतात रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, रेटिनाज. साती सोंगट्या एकदम लावल्या की वर 50 गुण. अक्षरांचे गुणही हवेतून आलेले नाहीत. 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गमावलेले अमेरिकन वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. सारखी लागणारी ई बारा सोंगट्यांवर, किंमत 1. क्यू आणि झेड एकेकच, किंमत 10. एस मात्र चारच, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटेल. इतका चोख हिशेब सरकारी वेतन आयोगालाही जमत नाही.

"आपले शब्द चालतात का गं?" मामी हात पुसत बाहेर आल्या.

"कितीतरी! पटावरची रंगीत घरं सोडून सांगते. क्रोर, म्हणजे आपला कोटी, सात गुण. रुपी सात. पैसा सात."

"कोटी, रुपया, पैसा एकाच भावात?"

"आणि लाख अकरा. त्यात के आणि एच आहेत ना."

"कोटीपेक्षा लाख जड! ऐकलंत का, उगाच हळहळत होतो आपण."

"धोती नऊ, कुर्ताही नऊ. जोवर, म्हणजे ज्वारी, पंधरा. बाजरा चौदा."

"हा भाव मात्र बरोबर लावलाय," मामींनी निवाडा दिला. "आमच्या वाण्याकडे पण ज्वारी महाग."

"कसले भाव!" मास्तर उसळले. "धोतीचा अर्थ नेसणाऱ्याला विचारा, नऊ अक्षराला काय कळणार?"

"नऊ गुण, मामा. अक्षरं पाच. तुझी पाळी."

मास्तरांनी चष्मा पुसून आपल्या सोंगट्या पाहिल्या. एफ, आय, आर, के, क्यू आणि दोन भाकड अक्षरं. पटावर एक मोकळा ए होता. फकीर! त्यांनी के उचलला, मनात बेरीज केली. बारा. मग भाचीकडे पाहिलं.

"क्यू लावून चालतो का गं?"

"चालतो. सतरा होतात. पण मामा, हे स्पेलिंग तू वहीत लाल शाईने खोडायचास ना?"

"खोडायचो आणि उद्याही खोडेन," मास्तर म्हणाले आणि के जागेवर ठेवून त्यांनी क्यू पटावर दाबून बसवला. "माझं मत के लाच आहे. तू सतरा मांड."