बारा व्होल्टचं आवर्तन

गळीत हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर उतरतात. प्रत्येकावर एक अख्खी वरात बसवलेली असते. ड्रायव्हर दिसत नाही, मागचा लाल दिवा दिसत नाही, पण गाणं दोन शिवारं ओलांडून येतं. राहुरी फॅक्टरी ते राहुरी हा प्रवास मी अशाच एका ट्रॅक्टरमागे पाऊण तास केला. पहिली दहा मिनिटं चिडलो. मग पाय ब्रेकवर ताल धरायला लागला. राहुरी आली तेव्हा मनाशी ठरलं होतं की आपल्या मोटारसायकललाही आवाज पाहिजे.

मी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट. दिवसभर टपऱ्या, सलून, पंक्चरची दुकानं हिंडून वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये गोळा करायचे, पावती फाडायची, पुढचं गाव. गाडी शंभर सीसीची, चांगली बायकोसारखी समजूतदार. (हे वाक्य घरी वाचून दाखवलेलं नाही.) तिच्यावर आधी एक मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर टांगलेला होता. तो रात्री घरच्या प्लगवर जेवायचा आणि दिवसा गायचा. गाडीला त्याचा काही त्रास नव्हता. पण ट्रॅक्टर ऐकल्यापासून तो मला डासासारखा वाटायला लागला.

नगरच्या बाजारातून ब्लूटूथचा अँप्लिफायर आणला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 1000 वॉट. सोबत सहा-सहा इंची दोन स्पीकर. ते लेगगार्डवर डबे करून बसवले आणि वायर थेट बॅटरीला जोडली. हे सगळं मी स्वतःच केलं. ज्या नगरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, तिथल्या माणसाला दोन वायरी जोडायला कोण लागतं?

पहिल्या रात्री लक्षात आलं की ढोलकीच्या प्रत्येक थापेला हेडलाइट डोळा मारतोय. मला ते आवडलं. डिस्को लाइट फुकट मिळाली असं मी मित्रांना सांगितलं.

खरं तर तिथेच कळायला हवं होतं, कारण आमच्याकडे पूर्वी लूना होती. 1972 साली आलेली लूना म्हणजे आमच्या नगरचंच लेकरू, कायनेटिकच्या इथल्या कारखान्यात घडलेलं. तिचा दिवा इंजिनाच्या फेऱ्यांवर जगायचा. रात्री खड्डा आला की माणूस गाडी हळू करतो. लूना हळू केली की दिवा मालवायला यायचा. म्हणजे खड्डा नीट दिसायचा तर जोरात जायला हवं, आणि जोरात गेलं की खड्डा बघायची गरजच उरत नसे. वडिलांनी या शास्त्राचे पुष्कळ धडे घेतले. मी मागे बसून घेतले, पण विसरलो.

आणि मग अण्णांचा दहावा आला.

अण्णा माझे चुलत सासरे. दशक्रिया प्रवरासंगमला. सकाळी लवकर निघालो, रस्ताभर खड्डे, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आणि गाणी मात्र पाचव्यात. घाटाच्या अलीकडे भान ठेवून आवाज बंद केला, चावी काढली. अँप्लिफायर थेट बॅटरीवर असल्यामुळे चावीचा त्याला धाक नव्हता. तो निळा दिवा लावून बसून राहिला. प्रवचन झालं. पिंड ठेवले. आता काकस्पर्श. दोनशे माणसं श्वास रोखून झाडाकडे बघत होती. कावळे होते, पण मनात येईना. कोणी म्हणालं, धाकट्याच्या लग्नाची काळजी असेल. धाकट्याने हात जोडून लग्नाचं कबूल केलं. एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला.

माझा फोन साडूच्या पोराकडे होता. त्याने रील उघडलं.

आवाज फोनमधून आला नाही. तो पार्किंगमधून, हजार वॉटच्या खोक्यातून, हलगीसकट आला. कावळे गोदावरी ओलांडून पार पलीकडे गेले. पुढचा अर्धा तास एकही परतला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकावा लागला. एक म्हातारी मात्र डोळे पुसत म्हणाली, "अण्णाला तमाशाचा नाद हुताच, त्येवढंच राहिलं हुतं." तिने मला वाचवलं, एवढंच म्हणतो.

निघताना सेल्फ दाबला, तर नुसतं कट. किक मारली. तेही नाही. 2020 च्या एप्रिलनंतरच्या या इंजेक्शनवाल्या गाड्यांना पेट्रोलचा पंप चालवायलाही बॅटरी लागते. बॅटरी मेली की किक म्हणजे पायाचा व्यायाम. दहा दिवसांपूर्वी अण्णांना खांदा दिलेल्या चौघांनीच माझ्या गाडीला धक्का दिला. एकही शब्द न बोलता.

गाडी कशीबशी नेवासा फाट्यावर आणली. तिथले वायरिंगवाले मामा अंगाने किरकोळ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी खोकं उलटं केलं आणि पाठीमागचा फ्यूज उपसून माझ्या हातावर ठेवला.

"वाचा."

"दहा अँप."

"धा गुनिले बारा किती?"

"एकशे वीस."

"मंग हजार कुठून आनलं? सोनेरी अक्षरातून?"

मग ते बॅटरीकडे वळले. बारा व्होल्ट, तीन अँपिअर-तास. म्हणजे छत्तीस वॉट-तास. खोक्याने नुसते पाच अँप ओढले तरी कागदावर छत्तीस मिनिटं, आणि प्रत्यक्षात सेल्फ त्याच्या बराच आधी मान टाकतो. मी शहाणपणा केला, "मग मोठी बॅटरी टाका ना."

मामा हसले. त्यांची दोन एकर जमीन शेवगावकडे, मुळा उजव्या कालव्याच्या टेलला. ते म्हणाले, "धरनात सव्वीस टीएमसी पानी हाये, पर माझ्या वावरात कवा येतं? वरच्यांचा ऊस पिऊन उरलं तर. तुमचा म्याग्नेट म्हंजे कालवा. इंजिन जोरात फिरलं तर भरून चालतो, मंदावलं तर झुळझुळ. रेग्युलेटर म्हंजे गेट. हेडलाइट म्हंजे फळबाग, तिला रोज पानी. 2017 पासून सरकारनं दिवसाबी चालू ठेवायला लावलाय, पस्तीस वॉट खातोच. बॅटरी म्हंजे शेततळं. सेल्फ म्हंजे लग्न. एका मिंटात तळं रिकामं. आता तुमी हेडलाच ऊस लावलाय. मोठं तळं खनून काय करता? कालव्याचं पानी वाढतंय का त्यानं? उलट भरायलाच येळ."

मी गप्प. ज्याचा धंदाच रोज थोडं जमा करून वेळेला काढण्याचा, त्याला हे टेलच्या शेतकऱ्याकडून ऐकावं लागलं. रोज वीस भरायचे आणि साठ उचलायचे, असं खातं मी कोणाला चालवू दिलं असतं का?

मामांनी ऊस मोडला. त्याजागी हाताच्या पंजाएवढा क्लास-डी अँप्लिफायर. "हे ठिबक," म्हणाले. जुना अर्धीअधिक वीज उष्णतेत घालवत होता, हा बहुतेक आवाजातच लावतो. स्पीकर लेगगार्डवरून काढून हँडलवर आणले, कारण स्पीकर आणि कान यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. चौपट वॉट फुकट मिळाल्यासारखं. पुढे मी वाचलं की कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. इतका वाईट व्याजदर कुठल्याही पतसंस्थेत नाही. स्पीकरही असे निवडले की थोड्या विजेत मोठ्याने बोलतील. काही माणसं असतात तशी.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, म्हणजे वायर कुठे घासली तर फ्यूज जाईल, गाडी जाणार नाही. रिले चावीवर घेतला. चावी काढली की निळा दिवा गेला. वर एक नखाएवढं व्होल्टमीटर आणि एक चिमुकली पट्टी, जी व्होल्टेज 12.4 च्या खाली गेलं की गाणं आपोआप तोडते. "आधी टेलला पानी," मामा म्हणाले. "कालव्यावर आमाला जमलं नाय. हितं तरी जमवू."

आता व्होल्टमीटर हेच माझं करमणुकीचं साधन झालंय. चालत्या गाडीवर 14.1 दिसलं की पासबुकात व्याज पडल्यासारखं वाटतं. सिग्नलला आकडा घसरतो, ब्रेकलाइट लागला की आणखी एक-दोन दशांश, आणि मी गाण्यापेक्षा त्याच्याकडे जास्त बघतो. बायको मागून विचारते, गाणं कुठलं लागलंय, तर मला सांगता येत नाही.

परवा राहुरी फॅक्टरीजवळ पुन्हा उसाचा ट्रॅक्टर पुढे आला. दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला जागा नाही, पहिल्या गिअरमध्ये सरपटणं. मीटर उतरत उतरत 12.4 च्या खाली आलं आणि पट्टीने माझं गाणं तोडलं. काही बिघडलं नाही. पुढे त्याचा कालवा तुडुंब वाहत होता. मी ब्रेकवर पायाने ताल धरला.