भरलेली टाकी

आमच्या काकाजींच्या हिशेबात जी वस्तू कमी खाते ती चांगली. म्हैस सोडून. मोटारसायकल पेट्रोल कमी पिते म्हणून चांगली, पाहुणा दोन पोळ्यांत उठतो म्हणून खानदानी, आणि लाकूड कापायची मशीन तर त्यांना साक्षात संतच वाटली. दिवसभर बगीच्यात वाळलेली झाडं कापून झाल्यावर त्यांनी तिचं तेलाचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि मला हाक मारली.

"पाह्य गा, पेट्रोल दोनदा भरलं, अन् तेल थेंबभर नाई गेलं. याले म्हनते मशीन!"

ज्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेनसॉला दोन तोंडं असतात. एकात पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळून. ते इंजिनाचं जेवण. दुसऱ्यात नुसतं तेल. ते साखळीसाठी. लांब पट्टीच्या कडेला खाच असते, तिच्यातून साखळी भणभणत धावते, आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून आतला इवलासा पंप तेल सोडत राहतो. हे तेल परत येत नाही. भुशात जातं, लाकडाला लागतं, कापणाऱ्याच्या पँटवर उडतं. म्हणून पेट्रोल संपत आलं की तेलही तळाला गेलेलं असावं, असा साधा नियम आहे. पेट्रोल दोनदा संपलं आणि तेल काठोकाठ, म्हणजे साखळी निर्जळी उपास करते आहे.

पण काटकसरीच्या घरात भरलेली टाकी हा रोग आहे हे पटवणार कसं?

लक्षणं तशी स्पष्ट होती. पट्टीतून धूर निघत होता. कापलेल्या ओंडक्याच्या तोंडावर काळे चट्टे पडले होते. साखळी तापून सैल पडायची, ती ताणून बसवली की घटकाभरात पुन्हा लोंबायची. संत्र्याचं लाकूड दिसायला बारीक, पण हाडाचं कठीण. त्यात आमची ही झाडं डिंक्या रोगानं उभ्या उभ्या वाळलेली. बंडीचं बरं असतं, आखातलं वंगण संपलं की ती असं कुरकुरते की शिवारभर कळतं. ही मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत बोंबलतच असते. तिचं नेमकं काय दुखतं ते कुणाला ऐकू येणार?

संध्याकाळी कडुनिंबाखाली वैद्यमंडळ बसलं. एकानं साखळीला धार नाही असं निदान केलं. दुसऱ्यानं पेट्रोल-ऑइलचं प्रमाण चुकलं म्हटलं. तिसऱ्यानं मोबाइलवर हिंदीतला व्हिडिओ लावला. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही छिंदवाड्यासकट मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून भांडण मराठीत आणि दुरुस्ती हिंदीत, अशी कामाची विभागणी आहे. व्हिडिओतला माणूस 'सबसे पहले' असं दर मिनिटाला म्हणत होता, त्यामुळे खरोखर सर्वांत आधी काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चौथ्यानं विचारलं, "तेल कोनतं टाकता?"

काकाजी जरा खाकरले. टाकीत ट्रॅक्टरनं टाकून दिलेलं काळं ऑइल होतं. फुकटचं. आता चेन ऑइल महाग असतं हे खरं, पण ते मुद्दाम चिकट केलेलं असतं, साखळी गरकन फिरली तरी धरून बसतं. ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल म्हणजे काजळी, बारीक लोखंडी कीस आणि इंजिनानं उपभोगून टाकलेली सगळी घाण. ते धरत तर नाहीच, वर बारीक भोकं बुजवतं. शिवाय उडून पडतं झाडांच्या बुंध्याशीच.

"ट्रॅक्टरले चालते, याले कायले नाई चालत?" काकाजी म्हणाले. ट्रॅक्टरलाही ते चालत नाही म्हणूनच काढलं, हे बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण काकाजी वडीलधारे, आणि ट्रॅक्टर त्यांचा.

मी मिस्त्रीकडे न्यायचं सुचवलं. मिस्त्री पांढुर्ण्यात, म्हणजे जाम नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की झालं. पण सावरगावच्या माणसाला ती नदी नकाशात दिसते तेवढी अरुंद नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, म्हणजे दोन्ही काठांची एकमेकांवर दगडफेक. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. रोवणारे आम्ही सावरगावकर, आणि ते तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायला येणारे पांढुर्णेकर. त्यामागच्या दंतकथेतली पोरगी आमची, तिला पळवून नेणारा पोरगा त्यांचा. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात आला, कचेऱ्या आल्या; तरी काकाजींच्या लेखी पांढुर्णा ही अजून वराकडची मंडळी.

"वर्सानुवर्सं ते आपलं झाड तोडाले येते," काकाजी म्हणाले, "अन् झाड तोडाची मशीन आपन त्याहीच्याकडून नीट करून आनाची? अन् ते तर कुऱ्हाडीनं तोडते. कुऱ्हाडीले तेल लागते काय?"

याला उत्तर नव्हतं. मशीन घरीच उघडायची ठरली.

आधी कागदाची परीक्षा. पट्टीचं टोक कागदासमोर वीतभर अंतरावर धरायचं आणि मशीन जोरात फिरवायची. तेल येत असेल तर कागदावर तेलाची रेघ उमटते. आमच्याकडे दोन पेपर येतात, एक हिंदी आणि एक नागपूरचा मराठी. मराठीत संत्र्याचा भाव असतो, म्हणून बळी हिंदीचा गेला. मशीन गरजली, कोंबड्या पळाल्या, आणि कागदावर राशिभविष्य जसंच्या तसं कोरं राहिलं.

मग पेचकस, पाना आणि घरातला सर्वांत जुना टूथब्रश. पट्टी आणि साखळी काढून ठेवली, बोटं लांब ठेवून इंजिन क्षणभर फिरवलं, तर मशीनच्या अंगातल्या भोकातून काळं तेल पाझरताना दिसलं. म्हणजे पंप जिवंत होता. अडचण पुढे होती. पट्टीच्या बुडाशी तेल आत घेणारं छिद्र असतं, त्यात भुसा आणि काळं ऑइल यांचा असा घट्ट बोळा बसला होता की त्यावर, झाडाच्या जखमेला लावतात तशी, बोर्डो पेस्ट लावली असती तरी शोभली असती. तारेनं छिद्र मोकळं केलं. खाचेतून निघालेली काळी घाण पाहून काकू म्हणाल्या, "हे मोरीत नोका टाकू." पट्टी उलटी करून बसवली, म्हणजे ती दोन्ही कडांनी सारखी झिजते.

साखळी धुताना तिचे दात नीट पाहिले. एक डावीकडे कापतो, पुढचा उजवीकडे. ही युक्ती अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये लाकूडतोड करणाऱ्या जो कॉक्सला 1946 साली सुचली, लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहून. ती जबडे डावीउजवीकडे चालवत आडवं-उभं कसंही लाकूड खात होती. आमच्या संत्र्यालाही साल खाणारी अळी लागते, त्या अळीची निदान धंद्यानं नातलग. आम्ही तिच्या बिळात पेट्रोलचा बोळा कोंबतो आणि वरून चिखल लिंपतो. गुरुदक्षिणाच म्हणायची.

टाकी धुऊन नवं चेन ऑइल भरलं. काकाजींनी बाटलीवरची किंमत दोनदा वाचली. पुन्हा कागद धरला. आता ठिपके आले, पण चार. रेघ नाही. म्हणून मशीन उलटी करून पाहिलं. बुडाशी तेल कमीजास्त करायचा एक लहानसा स्क्रू होता, आणि तो कुणीतरी 'कमी'च्या बाजूला पार शेवटपर्यंत पिळला होता. त्याच्या खाचेवर पेचकसाचा ताजा ओरखडा.

मंडळ गप्प झालं. काकाजी कडुनिंबाकडे पाहू लागले.

"आनली तवा तेल गंज पीत होती," ते अखेर म्हणाले. "म्या थोडीशी आवळली."

स्क्रू सोडला. कागदावर मेष ते मीन अशी तेलकट रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी ओंडके लोण्यासारखे कापले गेले, धूर नाही, चट्टे नाहीत. आणि संध्याकाळी पेट्रोल संपलं तेव्हा तेलाचा तळ दिसत होता. मंडळानं माना डोलावल्या.

काकाजींनी मात्र मशीन खराब झाल्याचं जाहीर केलं. त्यातच चेनसॉ नुसती ठेवली तरी पट्टीतून थोडं तेल झिरपतं. सकाळी ओसरीवर डाग पडला होता. आता रोज रात्री तिच्याखाली स्टीलची ताटली असते. सकाळी काकाजी ताटलीतलं तेल कापसानं टिपून घरातल्या एकेका दाराच्या बिजागरीला लावतात. दारं इतकी बिनआवाज झाली आहेत की परवा मांजर दूध पिऊन गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्या दुधाची किंमतही काकाजींनी मशीनच्या खात्यावर लिहिली आहे.