चिरंजीव, बोकड आणि वेताळाची पालखी

(रंगमंचावर एक बाकडं, एक कंदील, हॉर्लिक्सची एक रिकामी बाटली. कलाकार येतो. कंदिलाची वात बारीक करतो. प्रेक्षकांकडे बघत स्वतःचा गाल चोळतो.)

मंडळी, मराठी माणसाच्या आयुष्यात काजवा पहिल्यांदा येतो तो रानातून नाही, गालावरून! "अशी एक ठेवून देईन ना, डोळ्यांपुढे काजवे चमकतील!" साहेबाला थोबाडीत बसली की त्याला तारे दिसतात. साहेब गेला थेट अंतराळात. आपण गावाच्या वेशीपर्यंतच. आपल्याला काजवे.

तर ही गोष्ट एका मुंबईकर मुलाची. नाव राहू दे. लग्नपत्रिकेत असतं तसं आपण त्याला 'चि.' म्हणू. चिरंजीव. साल १९८४, वय वर्षे दहा, मुक्काम गिरगावातली चाळ. तोपर्यंत चिरंजीवांनी काजवे दोनदाच पाहिले होते. एकदा तेराचा पाढा विसरल्यावर आणि एकदा वडिलांच्या चष्म्यावर बसल्यावर. चष्मा फुटल्यामुळे वडिलांचा नेम चुकेल असं त्यांना वाटलं होतं. चुकला नाही.

मे महिना संपत आला की चिरंजीवांची रवानगी मामाकडे. इगतपुरीपर्यंत रेल्वे, पुढे लाल एसटी. घोटी, बारी, शेंडी. बारीला खिडकीतून कळसूबाई दिसते. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण एसटीच्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला माणूस सीटवरून उडतो, त्यामुळे चिरंजीवांनी कळसूबाई कधी सलग पाहिली नाही. हप्त्याहप्त्याने पाहिली. पुढे भंडारदऱ्याचं धरण, साहेबाने १९२६ मध्ये पूर्ण केलेलं. आणि धरणाच्या कडेने घाटघरकडे जाताना रतनगडाच्या अलीकडे कुठेतरी मामाची वाडी. तिथे वीज यायची ती व्याह्यासारखी. क्वचित यायची, आली की सगळे उठून उभे राहायचे आणि चहा होईपर्यंत निघून जायची.

पहिल्याच रात्री मामांनी चिरंजीवांना अंगणात नेलं आणि बांधावरच्या हिरड्याकडे बोट केलं.

(कलाकार वर बघतो. तोंड उघडं. बराच वेळ काही बोलत नाही.)

अख्खं झाड पेटलेलं. पेटलेलं म्हणजे, विझत होतं आणि पेटत होतं. एक फांदी उजळली की तिचं बघून दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळं झाड एका तालात. लख्ख. काळोख. लख्ख. काळोख. आता गिरगावातल्या पोराने आयुष्यात झगमगाट पाहिलेला कुठला? गणपतीच्या मांडवातला. त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली, बुंध्यामागे हात घालून चाचपलं आणि मामांना विचारलं, "मामा, मीटर कुठंय?"

"आरं मीटर न्हाय त्याला. फुकाट हाय."

फुकट! मुंबईच्या माणसाला हा शब्द ऐकू आला की तो पिशवी शोधतो. चिरंजीवांनी हॉर्लिक्सची बाटली शोधली. पण पेटलेली वस्तू हाताने कशी धरणार? म्हणून ते आजीच्या चुलीजवळची सांडशी घेऊन बाहेर आले. मंडळी, काजवा पकडायला सांडशी घेऊन निघालेला तो बहुधा मानवजातीतला पहिला माणूस. आजी ओट्यावरून ओरडली, "मेल्या, काजवा धरायचाय का दुधाचं पातेलं उतरवायचंय?"

आजी शाळेत गेली नव्हती, पण मुद्दा शास्त्रशुद्ध होता. काजव्याचा उजेड थंड असतो. जुना पिवळा बल्ब घ्या. त्याला दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज तो तापण्यात घालवतो आणि उरलेल्यात उजेड पाडतो. कचेरीतल्या काही साहेबांसारखं. काजव्याचं तसं नाही. त्याच्या शेपटाकडच्या खणांत ल्युसिफेरीन नावाचा पदार्थ असतो, ल्युसिफरेज नावाचं विकर असतं, पेशीतलं एटीपी आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना येऊन मिळतो. उजेड पडतो, चटका शून्य. फ्रान्समध्ये राफाएल द्युबुआने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जोडीची नावं ठेवली. बारसं फ्रान्सला, बाळ आमच्या हिरड्यावर.

सांडशी परत गेली. मग हात. काजवा धरणं सोपं नसतं, कारण तो सांगून गायब होतो. इथे चमकला म्हणून झडप घालावी तर तोवर दिवा विझवून हात-दीड हात पुढे. उधारी मागायला गेल्यावर घरातले दिवे घालवतात ना, अगदी तसं. पहिल्या रात्रीचा हिशेब : काजवे चार, खाजकुइलीची शेंग एक, शेणात गेलेला पाय डावा.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी पाहुण्यांसाठी जेवण वाढलं. बाटलीत गूळ टाकला. शिवले नाहीत. पोहे टाकले. नाहीत. पुरणपोळीचा तुकडा, वर तूप. ढुंकून बघितलं नाही. चिरंजीव रडकुंडीला. "आजी, रुसलेत गं!"

रुसले नव्हते. मंडळी, काजव्याचं सगळं बालपण जातं मातीत आणि पाल्यापाचोळ्यात, अळी म्हणून. आणि ती अळी गोगलगायी खाते! गरीब गाय, पोटात पाय, आणि ती पायासकट काजव्याच्या पोटात. महिनोन् महिने हादडून घेतलं की मग पावसाच्या तोंडावर पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावर बऱ्याच जाती काही खातच नाहीत. आता आयुष्य उरलं दोनेक आठवडे. काम एकच, लग्न. म्हणजे बघा, वर्षभर जेवायचं आणि लग्नात जेवायचं नाही! असा एक तरी पाहुणा आपल्याकडच्या केटररला मिळाला असता तर तो त्याच्या पाया पडला असता.

तो सगळा झगमगाट म्हणजे लग्नसराईच. पुष्कळ जातींत नर उडत उडत दिवा दाखवतो आणि मादी गवतात नाहीतर पानावर बसून बघत असते. पसंत पडला तर ठरावीक वेळाने एक उत्तर. टिम्. प्रत्येक जातीची चमकायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे बाहेरच्या जातीत सोयरीक नाही. हुंडा नाही, मानपान नाही, मुलीला गाता येतं का नाही. फक्त टिम्.

फसवाफसवी मात्र आहे. अमेरिकेत फोट्युरिस नावाच्या काजव्याची मादी दुसऱ्याच जातीच्या मादीचं 'टिम्' हुबेहूब उचलते. तो बिचारा नवरदेव नटूनथटून खाली येतो आणि ती त्याला खाते. जेम्स लॉइड नावाच्या संशोधकाने १९६५ मध्ये हे उजेडात आणलं. बरं, ती नुसती भुकेपोटी खात नाही. त्याच्या अंगात कोळी-पक्ष्यांना न मानवणारं विष असतं, ते तिला स्वतःच्या रक्षणासाठी हवं असतं. नवरा पचवून त्याचं विष वापरायचं. (पहिल्या रांगेकडे बघून) हसू नका काका, वहिनी बघतायत.

(बाटली उचलतो. उलटी करून बघतो.)

तिसऱ्या दिवशी चिरंजीवांचा धंदा वाढला आणि बाटली पुरेना. आजीचं चक्का बांधायचं मलमलचं फडकं दोरीवर वाळत होतं. त्यात पन्नासेक काजवे भरले, गाठ मारली, आणि काय सांगू! आंबट वासाचा, मऊ, हिरवट कंदील. आता याच्या उजेडात वाचून बघू, म्हणून त्यांनी चांदोबा काढला. वेताळाच्या गोष्टीचं पान उघडलं.

चौथ्या शतकात चीनमध्ये चे यिन नावाचा एक गरीब विद्यार्थी होऊन गेला. दिव्याला तेल नाही म्हणून तो पांढऱ्या रेशमी पिशवीत काजवे भरून रात्रभर अभ्यास करायचा आणि पुढे मोठा अधिकारी झाला, अशी तिकडची गोष्ट. तिकडची आईबापं पोरांना हजार-दीड हजार वर्षं ती ऐकवत आली. शेवटी कांगशी नावाच्या बादशहाने शंभर काजवे पिशवीत भरून खरंच वाचून पाहिलं. अक्षर लागेना! बादशहाने तसं लिहून ठेवलंय. आपल्याकडेही रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठी झालेली पुष्कळ माणसं आहेत, पण त्यांच्या खांबाची तपासणी करायला अजून कुणी गेलेलं नाही.

थोडक्यात, चिरंजीवांनाही अक्षर लागलं नाही. वाचन सोडून त्यांनी तो कंदील मामांच्या बोकडाच्या गळ्यात बांधला. का? दहाव्या वर्षी 'का' हा प्रश्न नसतो. बोकड असतो, फडकं असतं, माणूस बांधतो.

आणि बोकड सुटला.

(आवाज खाली आणतो.)

रात्रीचे अकरा. खालच्या वाडीतलं लग्न आटोपून मामा आणि चार गावकरी वर येतायत. अमावास्या जवळ. ओढ्याच्या काठावर, जमिनीपासून दोन हातांवर, एक हिरवा उजेड. आतल्या आत धपापतोय. पुढे सरकतो. थांबतो. झुडपाशी खाली वाकतो. वर येतो. एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले, "पालखी. वेताळाची." दुसऱ्याने रामरक्षा सुरू केली, पण तिला घाईघाईत शुभमंगल सावधानची चाल लागली. मामा गावात धीट म्हणून प्रसिद्ध. ते दोन पावलं पुढे झाले. "कोन हाय?"

उजेड म्हणाला, "ब्यॅऽऽऽ."

त्यानंतर कोण कुठल्या दिशेने पळालं याची नोंद नाही. मामांची आहे, कारण ते सकाळी खताच्या खड्ड्यात सापडले. फेटा वेगळा सापडला. बोकड घरीच होता. गळ्यात चक्क्याचं फडकं, काजवे उडून गेलेले, आणि तो गोठ्यात शांतपणे चांदोबा खात होता.

काजवा हा निशाचर प्राणी आहे असं पुस्तकात लिहिलंय. साफ खोटं. त्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, स्वच्छ उन्हात, मामांचा हात वर गेला आणि चिरंजीवांनी काजवे पाहिले. एका तालात. लख्ख. काळोख. लख्ख.

(गाल चोळतो.)

तरी खोड जाईना. दहा जूनला परतताना पिशवीत पाठ्यपुस्तकांखाली बाटली. भाव ठरलेला, दहा पैशांना एक काजवा. चाळीतली सोळा गिऱ्हाईकं पलंगाखाली आडवी झाली, चादरी सोडल्या, काळोख केला. चिरंजीवांनी बाटली उघडली. काही नाही. हलवली. काही नाही. मग कुणीतरी बॅटरी मारली आणि तळाशी दिसले बारके, तपकिरी, पाय वर केलेले किडे. पलंगाखालून आवाज आला, "हे तर झुरळाचं पिल्लू आहे. पैसे परत."

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला, झुरळाचा नातेवाईकसुद्धा नाही, हे तेव्हा चिरंजीवांना माहीत असतं तर वाद घालता आला असता. नव्हतं. एक रुपया साठ पैसे परत गेले.

खरं तर धंदा बरोबर होता, देश चुकला. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएलरॉय नावाचे शास्त्रज्ञ गावातल्या पोरांकडून काजवे विकत घ्यायचे. शंभराला २५ सेंट! त्या काजव्यांवरच त्यांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं की या उजेडाला एटीपी लागतं. आता एटीपी प्रत्येक जिवंत पेशीत असतं. म्हणजे काजव्याचं रसायन टाकून उजेड पडला तर समजायचं की इथे काहीतरी जिवंत आहे. अन्नाच्या कारखान्यात टेबल नीट पुसलंय की वर जंतू नांदतायत हे असंच तपासतात. सेंट लुईसच्या सिग्मा कंपनीने तर पोरांचं काजवे मंडळ काढून पुढे कित्येक वर्षं काजवे विकत घेतले. तिकडच्या पोरांच्या सायकली झाल्या. आमच्या चिरंजीवांचे दोन रट्टे झाले, एक मामांचा आणि एक, पुस्तकांना किडे लागले म्हणून, वडिलांचा.

(कंदील उचलून पुढे येतो.)

चिरंजीव आता पन्नाशीचे. गेल्या वर्षी मुलीला घेऊन मामाकडे गेले. तो भाग १९८६ पासूनच अभयारण्य, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. आणि आता तिथे काजवा महोत्सव! मोठं काही नाही, मे-जूनचे ते दोन-तीन आठवडे. अमेरिकेत ग्रेट स्मोकी डोंगरात एका तालात चमकणारे काजवे असतात, तेही नेमके याच दिवसांत, आणि तिथे गाडी न्यायची तर सोडत लागते. नाव निघालं तर जायचं. आपल्याकडे सोडत नाही, आपण सगळेच विजेते. घाटात गाड्यांची रांग, प्रत्येकीचे दिवे डोळ्यांत. वनखातं सांगतं दिवे बंद करा, बॅटरी मारू नका, झाडाखाली जाऊ नका. काजव्याला टिम् टिम् दिसलं तर लग्न जमणार, आणि इथे गाडीचे हॅलोजन! सासरा मांडवात वेल्डिंग करत बसल्यासारखं.

मामांच्या हिरड्याखाली एक गृहस्थ उभे. हातात मोबाइल, मोबाइलची बत्ती चालू, ती थेट झाडावर. मोबाइलमध्ये दुसराच फोटो, कुणीतरी शंभर फ्रेम एकावर एक चढवून केलेला, त्यात हजारो काजवे. गृहस्थ फोटो बघतात, झाड बघतात, पुन्हा फोटो बघतात. "अहो, हे असं कुठंय? पैसे घेतलेत ना! एकही दिसत नाही!" बाजूला मुलगी बापाचा हात घट्ट धरून उभी. ओट्यावर मामा. वय ऐंशीच्या पुढे. काठी टेकत टेकत उठले.

"दिसत न्हाय म्हन्ता?"

"एकपण नाही!"

"दावतो की. ती बत्ती इजवा आधी. हां. आता असं म्होरं या. आजून. आता चष्मा काढा…"

(कलाकार कंदील खाली ठेवतो, सावकाश बाही वर सारतो. चिरंजीव मुलीचे डोळे झाकतात. काळोख.)